गळा मिरचीने बसला असेल तर मिऱ्याची गोळी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घशासाठी घरगुती गोळ्यांची कृती आली होती. सुंठ, मिरे, पिंपळी, हळद, तुळस, गूळ आणि मध एकत्र शिजवायचं, 'गोळीबंद पाक' झाला की गोळ्या वळायच्या, एवढंच त्यात होतं. आमच्या गल्लीतल्या काही बायकांनी लगेच करून पाहिलं. एकीच्या डब्यात दुसऱ्या दिवशी सगळ्या गोळ्यांचा मिळून एकच गोळा झाला. दुसरीने गोळ्या कागदात बांधून पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या मोकळ्या जागेवर, मिरचीचे देठ खुडायला जाणाऱ्या सुनेला दिल्या. सून संध्याकाळी घरी आली ती पदराने तोंड दाबूनच. 'मना गया आखो जयी ऱ्हायना,' म्हणाली, म्हणजे गळा आणखीच जळतो आहे.

मी नंदुरबार जिल्ह्यात आरोग्यसेविका होते. १९९८ साली हा जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला, त्याच्या आधीपासून मी इथल्या उपकेंद्रांवर काम केलं आणि इथूनच निवृत्त झाले. घरगुती औषधाची मला चीड नाही. माझ्या घरात डिंकाच्या आणि सुंठीच्या गोळ्यांच्या बरण्या दिवाळीपासून होळीपर्यंत भरलेल्या असतात. म्हणूनच ती अर्धवट कृती वाचून मला राहवलं नाही. कृती छापायची तर पुरी छापावी, आणि ती कुणाला चालते, कुणाला चालत नाही हेही सांगावं, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे. जागा जास्त लागेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

सर्वात आधी सांगायचं ते हे की गळा एकाच कारणाने बसत नाही. आपल्या खान्देशात तर नाहीच. जळगावकडे कापसाच्या जिनिंगमधली रुई घशात जाते, आणि आमच्या नंदुरबारला मिरची. गुंटूरच्या खालोखाल आमच्या बाजाराचं नाव घेतात. पावसाळा सरला की ओल्या लाल मिरचीच्या गाड्या बाजार समितीत लागतात आणि शहराबाहेरच्या मोकळ्या रानात पथाऱ्या पडतात. नजर पोचेल तिथपर्यंत जमीन लाल दिसते. पाहुणे फोटो काढतात. त्याच लाल जमिनीवर बायका दिवसभर उकिडव्या बसून देठ खुडत असतात, मिरची उलटत-पालटत असतात. दुपारी वारा सुटला की खकाणा उठतो आणि एकीला ठसका लागला की सगळ्या रांगेला लागतो.

सर्दीने बसलेला गळा वेगळा आणि मिरचीने भाजलेला गळा वेगळा. सर्दीत घसा सुजतो, कफ चिकटून बसतो, गिळताना टोचतं. तिथे सुंठ, मिरे, पिंपळी, लवंग उपयोगी पडतात. त्यांच्या तिखटपणाने तोंडाला पाणी सुटतं, कफ सैल होतो आणि लवंगेतल्या युजेनॉलने घसा थोडा बधिर होतो. मिरचीच्या खकाण्याची गोष्ट उलटी आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन घशातल्या ज्या मज्जातंतूंना 'भाजलं' असा निरोप द्यायला लावतं, त्याच तंतूंना मिऱ्यातलं पायपरिन आणि आल्या-सुंठीतलं जिंजेरॉलही चेतवतं. म्हणजे आधीच भाजलेल्या जागी आपण आणखी तिखट नेऊन ठेवतो. त्या सुनेचा गळा उगाच जास्त जळला नाही. शिवाय कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. म्हणून मिरची लागल्यावर तांब्याभर पाणी प्यायलं तरी आग हटत नाही, आणि घोटभर दुधाने किंवा बोटभर तुपाने हटते. पथारीवरच्या जाणत्या बायका डब्यात ताक नाहीतर तुपाचा गोळा घेऊन जातात, त्यांना हे कुणी शिकवलेलं नाही.

तेव्हा गोळ्या दोन प्रकारच्या लागतात. दोन्ही सांगते.

पहिली सर्दीची, सुंठीची, पाकातली. हिचं सगळं यश पाकात आहे, औषध नंतर. 'गोळीबंद' या नावाने लोक फसतात. पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकला आणि बोटांत त्याची मऊ गोळी वळली की त्याला आपण गोळीबंद म्हणतो. तो पाक लाडवाला, वडीला ठीक. तेव्हा त्याचं तापमान ११५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि त्यात अजून शेकडा पंधराच्या आसपास पाणी शिल्लक असतं. चोखायची कडक गोळी हवी असेल तर पाणी जवळजवळ सगळं उडायला हवं, म्हणजे पाक १५० अंशांपर्यंत गेला पाहिजे. आपल्याकडे संक्रांतीला तीळ-गुळाची किंवा शेंगदाण्याची कडक चिक्की करतात, तोच पाक. वाटीत थंड पाणी घ्यावं, थेंब सोडावा. तो पाण्यात पडताच काचेसारखा ताठ झाला, वाटीच्या कडेवर आपटला की टण् वाजला आणि दाताखाली न चिकटता कट्कन तुटला, तर पाक झाला. जरा जरी चिवट लागला तरी आणखी ठेवायचा. शेजारणीच्या डब्यातला गोळा इथेच बिघडला होता.

साखर घ्यावी की गूळ, यावर माझं मत साखर, त्यातही खडीसाखर. गूळ चवीला छान आणि सुंठीशी त्याची जोडीही जुनी, पण गुळात ग्लुकोज-फ्रुक्टोज असतात, ते हवेतलं पाणी ओढून घेतात. थंडीत आपल्याकडची हवा कोरडी असते म्हणून गुळाच्या गोळ्या जानेवारीपर्यंत तग धरतात, ढगाळ दिवस आला की पाझरतात. गूळ करपतोही लवकर आणि करपलेला पाक कडू लागतो. ज्यांना गूळच हवा त्यांनी निम्मा गूळ, निम्मी साखर घ्यावी आणि आच मंद ठेवावी.

पाव किलो खडीसाखरेचं प्रमाण देते. ज्येष्ठमधाच्या काड्या खलात ठेचून दोन मोठे चमचे घ्याव्यात, सोबत मूठभर तुळशीची पानं, आणि दोन कप पाण्यात उकळून अर्धा कप उरवावा. फडक्यातून गाळून तो काढा जाड बुडाच्या पातेल्यात खडीसाखरेवर ओतावा. साखर विरघळेपर्यंत ढवळावं, त्यानंतर चमचा बाजूला ठेवावा. उकळी आल्यावर ढवळत राहिलं की साखरेचे रवे धरतात आणि पाक दाणेदार होतो. कडेला उडालेले थेंब ओल्या फडक्याने पुसून घ्यावेत, तेही रवा धरायला कारण होतात. लिंबाचे चार-पाच थेंब टाकले तर पाक रवाळ होत नाही, कारण आंबटामुळे साखरेचा थोडा भाग फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होतो. मात्र चमचाभर लिंबू पिळलं तर तीच गोष्ट अति होऊन गोळ्या चिकट होतात. आधी बुडबुडे मोठे आणि पाणीदार असतात, पटापट फुटतात. मग ते लहान, दाट आणि आळशी होत जातात, रंग सोनेरीकडे झुकतो. इथून पुढे पातेल्यापासून हलायचं नाही. फोन वाजू द्यावा.

पाण्यात थेंब तुटला की गॅस बंद, आणि मग मसाला. आधी मुळीच नाही. सुंठ-पिंपळीची पूड उकळत्या पाकात घातली तर करपते, आणि लवंग-वेलचीचं तेल उडून जातं, घरभर वास सुटतो आणि गोळीत काही उरत नाही. दोन चहाचे चमचे सुंठ, पाव चमचा पिंपळी, पाव चमचा मिरपूड, आठ-दहा लवंगांची पूड, चिमूटभर हळद आणि एक चमचा तूप. हळद घरी दळलेली असेल तर उत्तम. सुट्या हळदीत रंग उठावा म्हणून लेड क्रोमेट मिसळल्याची प्रकरणं देशात सापडली आहेत आणि शिसं हे मुलांच्या मेंदूला घातक. वस्त्रगाळ पूडच वापरावी, भरड असली तर घशाला ओरखडे पडतात. तुपाचा हात फिरवलेल्या थाळ्यात पाक ओतावा, मिनिटभराने सुरीने चौकोनी रेघा पाडाव्यात आणि थंड झाल्यावर तुकडे मोडावेत. गोल हव्या असतील तर तुपाच्या बोटांनी भराभर वळाव्यात, पण हाताला सोसेल एवढा निवल्यावरच. पिठीसाखरेत घोळवून, काचेच्या कोरड्या बरणीत, ओला हात न लावता ठेवल्या तर थंडीभर टिकतात.

एक गोष्ट पाकाजवळ उभं राहण्याआधीच वाचावी. १५० अंशांचा पाक उकळत्या पाण्याच्या दीडपट तापलेला असतो आणि तो कातडीला चिकटून बसतो. उपकेंद्रावर मी पाण्याने भाजलेले हात पाहिले आणि पाकाने भाजलेलेही. पाकाची जखम खोल जाते. लहान मुलाला त्या वेळी स्वयंपाकघरात येऊ देऊ नये. भाजलंच तर नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं हात धरावा. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ काही लावू नये.

आता दुसरी गोळी, मिरचीच्या गळ्याची. ही माझ्या सासूबाईंची. हिला चूल लागत नाही, भाजण्याची भीती नाही आणि मला विचाराल तर हीच जास्त गुणाची. हिचं मुख्य द्रव्य बाभळीचा डिंक. डिंक पाण्यात विरघळून त्याचा जो चिकट थर होतो तो घशाच्या अस्तरावर पसरतो आणि जळजळणारी जागा झाकून ठेवतो. औषधाच्या जुन्या दुकानांत गोळ्या बांधायला हाच डिंक वापरत.

डिंक घेताना नीट पाहावा. बाभळीचा डिंक पिवळसर-तांबूस, पारदर्शक असतो आणि पाण्यात पूर्ण विरघळतो. खाली गाळ राहिला तर तो सालीचा, तो गाळता येतो. पण जो डिंक पाणी पिऊन फुगतो आणि जेलीसारखा होतो तो कतिरा, त्याने गोळी बांधली जात नाही. सातपुड्यातून येणारा धावड्याचा डिंक लाडवाला उत्तम, पण या गोळीत तो पूर्ण विरघळत नाही, म्हणून मी वापरत नाही.

एक मोठा चमचा डिंक खलात जाडसर कुटून तीन मोठे चमचे कोमट पाण्यात रात्रभर ठेवावा. सकाळी फडक्यातून पिळून गाळला की मधासारखा दाट द्रव मिळतो. शंभर ग्रॅम खडीसाखर मिक्सरमध्ये पिठीसारखी बारीक करावी, तीत दोन मोठे चमचे ज्येष्ठमधाची वस्त्रगाळ पूड आणि चार-पाच वेलचीचे दाणे कुटून घालावेत. मग डिंकाचं पाणी चमच्या-चमच्याने घालत मळावं. इथे घाई करू नये. अर्धा चमचा जास्त पडला की सगळं हाताला चिकटतं, मग पिठी वाढवत बसावं लागतं. पुरणपोळीच्या कणकेपेक्षा बराच घट्ट गोळा हवा, बोट दाबलं तर खूण उमटावी पण बोटाला काही लागू नये. तळहाताला तूप लावून वाटाण्याएवढ्या गोळ्या वळाव्यात, अंगठ्याने किंचित चपट्या कराव्यात, चपटी गोळी गालात नीट बसते. ताटात पातळ फडक्याखाली सावलीत दोन-तीन दिवस वाळवाव्यात. उन्हात ठेवू नयेत, वरून कडक होऊन तडकतात आणि आत ओल्या राहतात. वाळल्यावर गोळी पांढुरकी-पिवळी आणि खडखडीत होते.

पथारीवरून येणाऱ्या बायका माझ्याकडून या गोळ्या नेतात. गोळी चावायची नाही, गालात धरून हळूहळू विरघळू द्यायची, आणि नंतर थोडा वेळ पाणी प्यायचं नाही, नाहीतर डिंकाचा थर धुऊन जातो. त्यातल्या एकीने परवा दारातूनच हात हलवून सांगितलं, 'सिस्टर, गया मोकया व्हयना.' म्हणजे गळा मोकळा झाला. मला फार बरं वाटलं.

गोळी करते तरी काय, याबद्दल मात्र खरं तेच सांगितलं पाहिजे. गोळी चोखली की लाळ सुटते, घसा ओला राहतो, थर बसतो, कोरडी ढास थांबते. एवढंच तिचं काम आणि रात्री झोप लागण्यासाठी तेवढं पुरेसं असतं. सर्दीचा घसा बहुधा विषाणूमुळे धरतो, तो आठवडाभरात आपोआप सुटतो, गोळीने तो लवकर सुटत नाही. त्यासाठी अँटिबायोटिकही लागत नाही. 'प्रतिकारशक्ती वाढते', 'छातीतला कफ मुळापासून जातो' असली वाक्यं कृतीखाली छापू नयेत अशी माझी हात जोडून विनंती आहे.

आता मध. पुरवणीतली कृती मध घालून शिजवायला सांगते. मध उकळू नये असं आपलं आयुर्वेद सांगतं आणि तापवल्याने त्याचा सुगंध व त्यातली पाचकद्रव्यं जातात हेही खरं. पण माझी काळजी त्याहून मोठी आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही. कच्चा नाही, शिजवलेला नाही, बोटावर नाही, घुटीत नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते काही करू शकत नाहीत, तान्ह्या बाळाच्या आतड्यात मात्र रुजतात आणि विष तयार करतात. बाळ लुळं पडतं, दूध ओढत नाही, रडण्याचा आवाज क्षीण होतो. घरच्या उकळण्याने हे बीजाणू मरत नाहीत. आपल्याकडे जन्मलेल्या बाळाच्या जिभेला मधाचं बोट लावायची रीत आहे. त्या रीतीपायी मी किती आज्यांशी वाद घातला असेल. आज्या प्रेमानेच करतात. त्यांना दुखवायचं नसतं, पण बाळाच्या तोंडात पहिलं जायला हवं ते आईचं चिकाचं दूध, आणि सहा महिने दुसरं काहीच नाही.

वर्षावरच्या मुलाला मात्र मध चांगला. रात्रीच्या खोकल्याला अर्धा-एक चमचा मध दिला तर खोकला कमी होतो, असं अभ्यासांतही दिसलं आहे. सातपुड्यातला मध मिळत असेल तर भाग्यच. पण तो चमच्याने द्यावा. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला कडक गोळी देऊच नये, मग ती घरची असो की दुकानची. हसता-रडताना ती श्वासनळीत जाते. तेवढ्या वयाला गोळी कुटून कोमट पाण्यात विरघळवून पाजता येते.

आता खोकल्याच्या औषधांची भीती लोकांच्या मनात बसली आहे आणि तिला कारणही आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात, सिरप पिऊन वीसहून अधिक बालकं गेली. त्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल निघालं, त्याने मूत्रपिंडं निकामी झाली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावलं की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांच्या आत ती सहसा लागत नाहीत. त्या बातम्यांनंतर आया घरगुती उपायांकडे वळल्या हे साहजिक आहे. म्हणूनच आता घरगुती कृती छापणाऱ्यावर जास्त जबाबदारी येते. घरचं म्हणजे सगळ्यांना निर्धोक, असं नसतं. ज्येष्ठमध रोज भरपूर खाल्ला तर रक्तदाब चढतो आणि शरीरातलं पोटॅशियम उतरतं, त्यामुळे रक्तदाबाच्या, मूत्रपिंडाच्या, सूज येणाऱ्या रुग्णांनी आणि गरोदर बाईने तो टाळावा. अडुळसा खोकल्यावर खरोखर गुणी, त्यातल्या व्हॅसिसिनवरूनच पुढे ब्रोमहेक्झिन हे औषध निघालं. पण अडुळशाने गर्भाशय आकुंचन पावतं, म्हणून गरोदरपणात तो नको. मधुमेही माणसाने लक्षात ठेवावं की तीन ग्रॅमची एक गोळी म्हणजे जवळजवळ तीन ग्रॅम साखर. दिवसात आठ गोळ्या चघळल्या तर पाच चमचे साखर पोटात गेली. आणि रात्री गोळी तोंडात धरून कुणीच झोपू नये, दातांसाठीही आणि ठसक्यासाठीही.

गोळी केव्हा थांबवायची हे तर त्या कृतीत औषधालाही नव्हतं. मुलाला ताप आहे, घशात पांढरे ठिपके आहेत, मानेच्या गाठी दुखतात आणि खोकला मात्र नाही, तर गोळ्या देत घरी बसू नये. तो जंतूंचा घसा असू शकतो, त्यावर अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स लागतो, आणि तो अंगावर काढला तर शाळेतल्या वयाच्या मुलांना पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. आवाज तीन आठवड्यांत उघडला नाही, गिळता येत नाही, लाळ गळते, श्वासाला आवाज येतो, थुंकीत रक्त दिसतं, या कशालाही गोळी नाही. आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायची. पथारीवर खोकणाऱ्या प्रत्येकीला लोक 'मिरचीना खोकला' म्हणून सोडून देतात. त्याच खोकल्याखाली क्षयरोग दडलेला मी पाहिला आहे, कडेवर मूल असलेल्या, अंग आटलेल्या बायकांमध्ये. तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला एक हजार रुपये खात्यावर जमा होतात, नोव्हेंबर २०२४ आधी ते पाचशे होते. हे ज्यांना कळायला हवं त्या बायकांच्या हातात वर्तमानपत्र पडत नाही, पण त्यांच्या मुकादमाच्या हातात पडतं.

त्या मुकादमांना आणि पथारी चालवणाऱ्या व्यापाऱ्यांनाही आपल्या वर्तमानपत्रातून दोन शब्द पोचावेत. हजारो क्विंटल मिरची ज्यांच्या हातांतून जाते त्यांच्या घशावर नुसत्या गोळ्यांचा उतारा पुरत नाही. तोंडाला बांधायला सुती फडकं रोज धुतलेलं हवं, मिरचीच्या धुळीने माखलेलं तेच ते फडकं आठवडाभर बांधलं तर धूळच हुंगली जाते. प्यायला सावलीतलं पाणी हवं आणि हात धुवायला तेल व साबण. आधी तेल चोळायचं, मग साबण, कारण नुसत्या पाण्याने तिखट जात नाही. दुपारच्या सुट्टीत त्याच हाताने बाई बाळाला जवळ घेते, पाजते, आणि मग बाळ का किंचाळतं ते कुणाला उमगत नाही. झोळ्या वाऱ्याच्या वरच्या अंगाला बांधू द्याव्यात. पथारीच्या खालच्या अंगाला निंबाची सावली असली तरी तिथे तान्हं मूल झोपवू नये. एवढ्याला फार पैसे लागत नाहीत.

आपल्याला विनंती ही की दोन्ही गोळ्यांची कृती, प्रमाणासह आणि कुणी खाऊ नये त्यासह, पुरवणीत त्याच जागी पुन्हा छापावी. त्या पहिल्या कृतीची कात्रणं अजून काही घरांत कपाटाच्या दाराला चिकटवलेली आहेत. पुढच्या हंगामात मिरचीच्या पहिल्या गाड्या लागल्या की मी पथारीवर येऊन डिंकाची गोळी शिकवायला तयार आहे. डिंक, ज्येष्ठमध आणि खडीसाखर तेवढी पथारीवाल्यांनी द्यावी. बायकांची देठ खुडायची रोजी बुडू नये म्हणून सुट्टीचा वेळ मला चालेल.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
नंदुरबार